ठमाकाकीचे चार सेल

बंद पडलेलं यंत्र हातात आलं तर आधी काय बघावं, असं शाळेतली मुलं मला विचारत. मी फळ्यावर क्रमाने लिहून देत असे. पुस्तकी उत्तर होतं ते. खरं उत्तर मी कधी लिहिलं नाही. खरं उत्तर असं, की आधी ठमाकाकीने त्याला हात लावला होता का, ते बघावं.

ठमाकाकी म्हणजे आमच्या शेजारची. कळंबच्या अलीकडे आमची वाडी, पंचवीस-तीस घरांची, चहूकडे भातखाचरं. काकीचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक कुडाचं कुंपण होतं, आणि त्या कुंपणाचा उपयोग काकी माणसाला बोलवायला करत असे. पलीकडून काठीने कूड वाजवायचा. एकदा वाजला तर आईला बोलावणं, लागोपाठ वाजत राहिला तर मला. मी तेव्हा नुकताच बीएस्सी होऊन कर्जतच्या एका हायस्कुलात लागलो होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला, वाडीतलाही मीच पहिला. हे मी लपवत नव्हतो. लपवायचं कारणही नव्हतं. बापाने नांगर धरून शिकवलं होतं. पण रविवारी सकाळी पेपर तपासायला बसावं आणि कूड वाजायला लागावा, की बीएस्सीचा सगळा रुबाब खुंटीला टांगून उठावं लागे.

"रं बीएस्सी, तुजा रेड्यो मेला बग."

रेडिओ माझा नव्हता. काकीचा मुलगा गणपत खोपोलीला कारखान्यात होता, त्याने दिवाळीला आणलेला तो ट्रान्झिस्टर. चामड्याची पिशवी, खांद्याला अडकवायचा पट्टा. पण तो चालू असला की काकीच्या गणपतचा आणि बंद पडला की माझा, अशी वाटणी तिने करून टाकली होती.

काकी अंगाने उंच, काटक. नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढून घेतलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि उजव्या हाताची तीन बोटं कायम पिवळी. ती धवळारीण होती. आमच्याकडे लग्नाला भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो. पण तो येतो अगदी शेवटी, तासाभरासाठी. त्याआधी हळदीपासून मांडवापर्यंतचं सगळं धवळारीण करते. देवांना बोलावणं तिचं, हळद लावणं तिचं, आणि ते सगळं गाऊन. त्या गाण्यांना धवले म्हणतात. काकीला ते रात्र पुरणार नाही एवढे येत. तिला एक अक्षर लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं एकच सूत्र होतं आणि ते ती जगातल्या सगळ्या गोष्टींना लावत असे: "आधी हळद, मंग बाकीचं." नवा विळा आला, आधी हळद. गाय व्याली, आधी हळद. मी बीएस्सी झाल्याचं पत्र पोस्टाने आलं तेव्हा आईने ते काकीला दाखवायला नेलं, ते परत आलं तेव्हा माझ्या नावावर पिवळं बोट उमटलेलं होतं. त्या रागाने मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

ट्रान्झिस्टर हा तर तिने घरात आलेला जावईच मानला होता. झोपायच्या आधी ती त्याचे सेल काढून भाताच्या कणगीत ठेवी. का, तर दिवसभर बोलून दमतात. सकाळी उन्हात मांडी. गणपत सुट्टीला आला की रात्री बांधावर दिसावं म्हणून तेच सेल काढून हातातल्या बॅटरीत घाली, आणि दुसऱ्या दिवशी उतरलेले सेल घेऊन काकी कूड वाजवी. मी तिला चार-चार वेळा समजावून सांगितलं, की सेल हे माणूस नाहीत, ते दमत नाहीत, संपतात. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मान्साचं तरी दुसरं काय व्हतं रं?"

एका रविवारी रेडिओ बंद. सेल नवे. मी झाकण काढलं, तर दोन ओळींत चार सेल, आणि प्रत्येक ओळीतल्या दोघांची टोपणं एकमेकांना भिडलेली. मी सेल एकामागे एक बसवून दाखवले होते, एकाच्या टोपणाला पुढच्याची पाठ. तिने उलटे केले होते.

मी विचारलं, हे असं का केलंस?

"एका घरात ऱ्हायचं आनि पाठ करून बसायचं?" काकी म्हणाली. "त्वांडासमोर त्वांड पायजे."

विजेच्या प्रवाहावरचं व्याख्यान मी बाजूला ठेवलं. सेल सरळ केले, रेडिओ लावला. आत कुणीतरी खतांवर बोलत होतं. काकीने नुसती मान हलवली, जणू सेलांनी एकमेकांकडे पाठ फिरवून चूक केली आणि तरीही काम केलं, हे तिला पटलं नव्हतं.

तिचा हट्ट हा असा. दहिवलीला एका लग्नात मुलाकडच्यांनी कर्णा आणला होता, सिनेमाची गाणी चालू. काकी हळदीचं ताट मांडीवर घेऊन बसली आणि बसूनच राहिली. कोणी म्हणालं, काकी सुरू कर. ती म्हणाली, "दोन बायका एका टायमाला गात नायत. तिचं झालं की सांगा." मुलाचा बाप तापला. काकी बसून. नवरा-नवरी पाटावर, पाहुणे ताटकळत, आणि काकी पान लावून खातेय. शेवटी कर्णा बंद झाला. मी त्या लग्नात पाहुणा होतो. माझी सायंकाळची बस चुकली, कळंबला चालत यावं लागलं. वाटेत काकी माझ्या पुढे, ताठ, माझ्यापेक्षा भराभर.

त्या वाटेवरच तिने मला एक गोष्ट सांगितली, तीही सहज, पुढे बघत. मी तिला म्हटलं होतं, एवढा रुसवा कशाला, तुझा आवाज तर कर्ण्यापेक्षा बरा आहे. ती म्हणाली, लोक बोलतात खरं, पण लोक काय, जेवलेली मानसं. तिच्या सासूने तिला धवले शिकवले. सासू पंचक्रोशीतली नावाजलेली धवळारीण. बारा वर्षं तिच्या मागे बसून काकी गायली, आणि त्या बारा वर्षांत सासू एकच वाक्य बोलली: तुला गळा नाय, तू नुस्ती पाठ करतीस. सासू मेली तेव्हाही तिने ते मागे घेतलं नाही.

"आता माजा आवाज मला कसा ठाव व्हनार?" काकी म्हणाली. "गाताना कान आतून ऐकतो. बाहेरून कसा लागतो, त्ये मला कोन सांगल?"

मी ध्वनिलहरींबद्दल काही सांगणार होतो. सांगितलं नाही ते बरं झालं.

त्यानंतर वर्षभराने रेडिओवाले आले. मुंबईच्या केंद्रावरून एक गृहस्थ, पाटलोण, चष्मा, बरोबर ध्वनिमुद्रणाचं यंत्र. गावोगावची लग्नगीतं गोळा करत होते. कोणीतरी काकीचं नाव सांगितलं होतं. शिकलेला माणूस म्हणून मला मध्ये घातलं. गृहस्थ फार नम्र होते. म्हणाले, बाई, दोन धवले म्हणा, जास्त वेळ घेत नाही.

काकीने विचारलं, "लगीन कुनाचं?"

लग्न कुणाचंच नव्हतं. आषाढ चालू होता. काकी म्हणाली, लग्नाबिगर धवला म्हणायचा नसतो, देव मांडवात येऊन बसतात आणि मांडवच नसला तर कुठं बसतील? मी तिला बाजूला घेऊन समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. गृहस्थ घड्याळ बघत होते. अखेर काकीनेच तोड काढली. उखळ आणि मुसळ आणवलं, दोघांना मुंडावळ्या बांधल्या, हळद लावली, अक्षता टाकल्या. मग गृहस्थांच्या यंत्राकडे वळली आणि त्यालाही तीन बोटं हळद. गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. मी आयुष्यात एवढा शरमलो नव्हतो.

पण ती गायली. धरित्रीला हळद, मेघाला हळद, गावदेवीला हळद, एकेक कडवं ओढत, घाई नाही. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. जाताना सांगून गेले, मार्गशीर्षात लावू, कार्डाने कळवू.

कार्ड आलं. गुरुवार, संध्याकाळी साडेसहा. ते मी काकीला वाचून दाखवलं. तिने ऐकलं, आणि पहिल्यांदाच मला काही न सुनावता नुसतं विचारलं, "म्हंजी त्या दिशी मला बाहेरून ऐकू येनार?"

मी म्हटलं, येणार.

तिथून गुरुवारपर्यंत वाडीत दुसरा विषय नव्हता. मी ठरवलं, या वेळी काही चुकायला नको. गुरुवारी शाळेतून येताना कर्जतच्या पेठेतून चार नवे सेल घेतले, ताजे आहेत ना हे दुकानातच बॅटरीत घालून बघून. साडेपाच वाजता काकीच्या ओसरीवर बसून स्वतःच्या हाताने घातले. रेडिओ लावला, खणखणीत लागला. बंद केला. काकीला सांगितलं, आता याला हात लावायचा नाही. ती हो म्हणाली. मी हातपाय धुवायला घरी गेलो. अर्ध्या तासासाठी. माझी चूक असलीच तर ती हीच.

सहाला परत आलो तर ओसरी भरलेली. भावकी, शेजारी, बायका, पोरं. गणपत रजा काढून आलेला. कंदील लावलेला. मधोमध पाट, पाटावर ट्रान्झिस्टर, आणि त्याला नखशिखांत हळद. झाकणाला, पट्ट्याला, बटणांना. मी बोलणार नव्हतो. तिचा दिवस होता. सव्वासहाला बटण फिरवलं.

काही नाही. खरखरसुद्धा नाही.

मी काकीकडे बघितलं. "सेल काढले होतेस?"

"काढले आनि तुज्यावानीच घातले," ती म्हणाली. "पाठीला त्वांड."

झाकण काढून बघितलं, खरंच बरोबर घातले होते. आणि इथे माझ्या शिक्षणाने मला बुडवलं. सेल बरोबर आहेत म्हटल्यावर मी पुढच्या, मोठ्या गोष्टींकडे गेलो. दोन-दोन सेल गणपतच्या बॅटरीत घालून बघितले, लख्ख पेटली. म्हणजे सेल चांगले. स्प्रिंगा चाकूने खरवडल्या. बटण वीस वेळा इकडे-तिकडे केलं. मग ठरवलं, आतला कुठला तरी जोड सुटला असणार. मागचे स्क्रू काढले आणि अख्खा रेडिओ उघडून कंदिलाखाली धरला. सगळे बीएस्सीकडे बघत होते. तारा जागच्या जागी, जोड पक्के. साडेसहा वाजून गेले.

गणपत म्हणाला, आई, कळंबला चहाच्या दुकानात रेडिओ आहे, सायकलवर बस, दहा मिनटांत पोचवतो. दोघं-तिघं तरुण तर पळालेच.

काकी पाटासमोरून हलली नाही. "माज्या दारात लगीन हाय," ती म्हणाली, "मी दुसऱ्याच्या मांडवात जाऊ?"

मला टोमणा नाही, रं नाही, काही नाही. नुसती रेडिओकडे बघत होती, एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी. स्क्रू परत बसवले, सेल काढून परत घातले. काही नाही. शेवटी ज्याला काहीच कळत नाही तो जे करतो ते मी केलं. सेल काढून टाकले, रेडिओ उलटा केला आणि त्याच्या पाठीत थाप मारली.

माझ्या मांडीवर एक तांदूळ पडला.

पिवळा तांदूळ. अक्षता. मी कंदील ओढला आणि सेलांच्या खोबणीत वाकून बघितलं. एका टोकाला स्प्रिंगा, त्या मी खरवडल्या होत्या. दुसऱ्या टोकाला पितळी पट्टी. पितळही पिवळं, तेलातली हळदही पिवळी, आणि त्या हळदीत घट्ट बसलेला आणखी एक दाणा, बरोबर सेलाचं टोपण टेकतं तिथे. मी खिशातल्या पेनच्या टोकाने तो उपटला, धोतराच्या सोग्याने पट्टी पुसली, सेल घातले, बटण फिरवलं.

"...आताच आपण धवले ऐकलेत," निवेदक म्हणाला. मग बाजारभाव सुरू झाले.

माझा तोल गेला. मी विचारलं, आत अक्षता कोणी टाकल्या? सगळ्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

"मी टाकल्या," काकी म्हणाली. "अक्षतांबिगर लगीन लागतं व्हय? धवला त्याच्या पोटातनं येनार, मंग पोटात नको टाकू?"

मी म्हटलं, काकी, तुला सांगितलं होतं हात लावू नकोस म्हणून. अर्धा तास मी आत-बाहेर शोधत बसलो, तुला एकदा तोंडाने सांगता नाही आलं?

ती उठली. कंदील उचलला. "तू इचारलंस, सेल काढले का. त्ये सांगितलं. अक्षता टाकल्या का, आसं तू इचारलंस कुटं?" आणि आत जाता जाता: "येवढं शिकलास, पन आधी घर झाडून बगावं, यवढं कुनी शिकवलं नाय व्हय रं?"

तासाभराने कळंबला गेलेली पोरं परत आली, नाचत. शेवटची दोन कडवी त्यांना मिळाली होती. दुसऱ्या दिवशी बाजारात जो भेटेल तो सांगत होता, तुमच्या काकीला ऐकलं. पंचक्रोशीत ज्यांच्याकडे रेडिओ त्या सगळ्यांनी ऐकलं. फक्त तिच्या ओसरीवर बसलेल्यांनी ऐकलं नाही. काकी प्रत्येकाला एकच विचारी, कसा व्हता आवाज? प्रत्येक जण म्हणे, चांगला होता. "चांगला म्हंजी कसा?" याचं उत्तर कोणालाच देता येत नसे. तिने मला विचारलं नाही. ते मला जास्त लागलं.

मी केंद्राला पत्र लिहिलं, की तो कार्यक्रम पुन्हा लावावा, गाणारणीने स्वतः तो ऐकलेला नाही. उत्तर आलं: कार्यक्रम आवडल्याबद्दल आभारी आहोत, असाच लोभ असावा. मी ते फाडून चुलीत घातलं.

मग पुढे आमच्या शाळेने एक टेपरेकॉर्डर घेतला, सेलवर चालणारा. मी काकीला म्हटलं, एका रविवारी आणतो, तू म्हण, लगेच ऐकवतो. ती म्हणाली, उखळ-मुसळाचं लगीन एकदाच लागतं. आता खरं लगीन पायजे. "तुजं कर. तीस वर्षांचा घोडा झालास." ही सक्ती होती. माझ्या आईने आणि तिने मिळून कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी मला घेरलं, आणि खालापूरकडची मुलगी ठरली.

हळदीच्या दिवशी टेपरेकॉर्डर आला. आमचे चित्रकलेचे सर घेऊन आले, कारण मला काही करायची सोयच नव्हती. मी पाटावर, मुंडावळ्या बांधून, अंगभर हळद, दोन्ही हात पिवळे. सर एकेक बटण दाबून बघत होते, आणि मी बसल्या जागेवरून ओरडत होतो, ते नाही, शेजारचं. काकीला मी सकाळीच बजावलं होतं, या यंत्राला हळद लागली तर मी पाटावरून उठेन. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि म्हणाली, बग, बांधले.

ती गायली. मी डोळे मिटून बसलो होतो, तिची बोटं माझ्या कपाळावर, आणि कानात एकच, टेपची चक्री फिरतेय ना.

जेवणाआधी सरांनी टेप मागे नेली. काकी हात पुन्हा पदरात गुंडाळून यंत्रासमोर चटईवर बसली. बायका भोवती जमल्या. सरांनी बटण दाबलं आणि काकीचा आवाज लागला, जरा चिरका, जरा लांबून, पण तोच. बायका हसल्या. काकी हसली नाही. मान थोडी वाकडी करून ऐकत होती. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. मी अजून ओल्या हळदीत, मला वाटलं, आता काहीतरी खोट काढणार.

"ही माजी सासू," काकी म्हणाली.

आईने हळूच म्हटलं, अगं, तूच आहेस.

"सासू हाय. आसाच श्वास घ्यायची ती कडव्याच्या मधी." सर बटणाकडे हात न्यायला लागले, तर तिने पदरातून हात बाहेर काढून त्यांचा हात धरला. "नको, गाऊ द्या तिला."

टेप संपेपर्यंत ती तशीच बसली. मग उठून पदर सावरला आणि पंगतीकडे बघत विचारलं, पत्रावळी मांडल्या का, का ते पन मीच करू. माझ्या डोळ्यांसमोर ती राहिली आहे ती तशी, पाठमोरी, पंगतीवर ओरडत. लग्नानंतर मी कर्जतला खोली घेतली, आणि पुढच्या पावसाळ्यात ती गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं.

लग्नानंतरच्या सोमवारी शाळेत गेलो तर सर टेपरेकॉर्डर हातात घेऊन बसले होते. चालू होत नव्हता. म्हणाले, सेल गेले असणार. मी म्हटलं, सेल चांगले आहेत. मागचं झाकण काढलं. मी पाटावर, सर पंगतीत, काकीने कधी वेळ साधला होता देव जाणे. पितळी पट्टीपाशी तीन पिवळे तांदूळ होते. ते काढले, पट्टी पुसली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. टेप आतच राहिलेली होती, सरांनी हळदीच्या दिवशीच मागे नेऊन ठेवलेली. ठमाकाकीची सासू गायला लागली.